ठोकळेबाईंचा काळा चष्मा

“आजी, मी पोरीला विचारलंय. पेला तिनं द्यायचाय, तुम्ही नाही.”

“मी कुठं दिला?”

“दिला नाहीत, पण हनुवटी गेली ना पेल्याकडं.”

“मग आता हनुवटीला काय दावं बांधू?”

“दावं नको. हे ताट घ्या मांडीवर. पांढरी बटणं या वाटीत, काळी त्या वाटीत. मान वर करायची नाही. एक बटण जरी चुकीच्या वाटीत सापडलं तरी सगळी परत निवडायला लावीन.”

“परीक्षा पोरीची का माझी?” असं म्हणत म्हातारीनं ताट ओढून घेतलं आणि मान खाली घातली.

बटणं हा ठोकळेबाईंचा स्वतःचा शोध. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या लहान पोरं तपासतात. तपासणं म्हणजे सुई नाही की नळी नाही. पोर वयाच्या मानानं चालतंय का, बोलतंय का, सांगितलेलं त्याला उमगतंय का, एवढं बघायचं. कुठं गाडं अडलेलं दिसलं तर वेळेत मोठ्या डॉक्टरकडं धाडायचं. चटईवर लाकडी ठोकळे, पेला, चमचा, चेंडू, किल्ली, कंगवा आणि एक टकली बाहुली मांडून ठेवलेली असते. ‘किल्ली दे’ म्हणायचं, ‘बाहुलीला निजव’ म्हणायचं आणि गप बघत राहायचं. त्या ठोकळ्यांवरनंच पोरांनी त्यांचं नाव पाडलं. आता कुणी खरं नाव घेऊन पत्ता विचारत आला तर त्यांच्या दारातनं परत जाईल.

या कामाला लागल्या लागल्या त्यांना एक गोष्ट कळून चुकली. लबाडी पोर करत नाही, पोराबरोबर आलेलं माणूस करतं. आई खोकते, मावशी भुवई उडवते, आजी तर वस्तूच पुढं सरकवते. पोटात पाप नसतं कुणाच्या. आपलं लेकरू कमी दिसू नये म्हणून हात आपोआप चालतात. चालते हात काही बांधता येत नाहीत. म्हणून बाईंनी शिंप्याकडनं फाटक्या-तुटक्या कपड्यांची बटणं मागून आणली. आजी बटणात गुंतली की पोर मोकळं. पोर घरी गेलं की दोन्ही वाट्या ताटात उलट्या करायच्या आणि ढवळायच्या, पुढच्या आजीसाठी.

आज चटईवर पत्रेवाल्याची धाकटी बसली होती. तिसरं वर्ष सरत आलेलं. ठेंगणी, गोल, घट्ट. बाप तिला रिबीट म्हणायचा. दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवतो तो आखूड खिळा असतो ना, अगदी तसली.

“रिबीट, पेला दे.”

रिबीट पेल्याकडं बघेचना. ती बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं कंगवा उचलून बाईंच्या हातावर ठेवला, परत तोंड बघितलं. काही उमगलं नसावं. कंगवा काढून घेतला, चेंडू ठेवला. तोही काढून घेतला. शेवटी गुडघ्यावर पुढं सरकली आणि बाईंच्या नाकावरचा काळा चष्मा दोन्ही हातांनी उचलायला लागली.

“अगं, अगं. तो नाही मागितला मी.”

चष्मा नवा होता. बाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि काही दिवस हा भला मोठा काळा चष्मा लावायचा हुकूम होता. दारावरचा चौकीदार सकाळीच म्हणाला होता, “बाई, मोटरसायकल कुठं लावली?”

“भ्यायलीय पोरगी चष्म्याला,” म्हातारी बटणांतून बोलली. “आम्ही मोठी माणसं दचकलो, तिथं तिचं काय.”

पोरीची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याही हातात बटणांची वाटी होती, पण तिनं एकही निवडलं नव्हतं. ती म्हणाली, “बाई, मला खरं काय ते सांगा. बालवाडीच्या बाई म्हणतात पोरीला सांगितलेलं समजत नाही, इतरांच्यात बसवून उपयोग नाही, सोमवारी काय ते ठरवू. सासूबाई म्हणतात हट्टी आहे. हिचे वडील म्हणतात बोलेल उशिरा, मी पण उशिरा बोललो. आणि गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, पोरगी चलाख आहे. मी कुणाचं धरू? समजतं का तिला, का नाही समजत?”

बाईंना गेलं वर्ष लख्ख आठवत होतं. ‘किल्ली’ म्हणायचा अवकाश, किल्ली हातात. जुना वाणी पुड्या बांधतो तसल्या सफाईनं पोरगी वस्तू देत गेली होती. मागं खुळखुळा वाजवला तर गर्रकन वळली होती. बोलत नव्हती फारसं, पण समजतंय ना सगळं, येईल बोलणं मागनं, असं म्हणून बाईंनीच तिला हसत घरी पाठवलं होतं.

“आज काही सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या परत आणा.”

“उद्या चष्मा नसेल का?” म्हातारीनं विचारलं.

“चष्मा असेल. आणि आजी, काळ्यात दोन पांढरी गेलीत.”

दिवसभर बाईंच्या डोक्यात एकच भुंगा. चष्म्याला पोरं भ्यायली, हे खरंच होतं. सकाळपासनं एक जण आईच्या पदरात घुसला होता, एकीनं भोकाड पसरलं होतं. पण भोकाड पसरता पसरता तिनं पेला दिला होता. पदरात घुसलेल्यानं पदरातनं हात काढून किल्ली दिली होती. म्हणजे जी भ्यायली त्यांनी दिलं. आणि ही भ्यायली नाही, उलट चष्म्यालाच हात घालते, तर हिला पेला कळत नाही. एका वर्षात पोर पुढं जायचं सोडून मागं कसं आलं?

असं कोडं पडलं की बाईंना जेवण गोड लागत नाही. लहानपणी त्यांनी घरातलं गजराचं घड्याळ उघडून बघितलं होतं, आतला काटा कोण ढकलतो म्हणून. घड्याळ परत जुळलं नाही आणि बाईंच्या पाठीवर जे उमटायचं ते उमटलं. पण ढकलणारा कोण, ते त्यांनी बघून घेतलं.

दुपारी खोलीला कडी घालून त्या पत्रेवाल्याच्या दुकानाकडं निघाल्या.

दुकान दिसायच्या आधी ऐकू येतं. पेट्या, डबे, नरसाळी, धुराड्याचे नळ, सगळं तिथं ठोकून बनतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, मध्ये एक पडदा. आवाज असा की आपलाच विचार आपल्याला ऐकू येऊ नये. बाई आत गेल्या, काहीतरी बोलल्या. पत्रेवाल्यानं ऐकलं नाही, पण बोटानं स्टूल दाखवलं. त्या बसल्या.

बसल्या आणि बघत राहिल्या. त्या घरात कुणी बोलतच नव्हतं. सून पडद्याआडनं आली, भुवया उचलल्या. नवऱ्यानं मान हलवली. ती आत जाऊन पाणी घेऊन आली. म्हातारीनं दोन बोटं दाखवली, सून दोन पेले घेऊन आली. ठोकाठोकीत जिभेचा उपयोगच नाही म्हटल्यावर सगळं घर हातांवर आणि डोळ्यांवर चाललेलं. आणि या सगळ्याच्या मधोमध रिबीट मांडी घालून बसलेली. बापानं हातोडा ठेवला, कोपऱ्यातल्या कातरीकडं नुसतं बघितलं. पोरगी उठली, दोन्ही हातांनी कातर ओढत घेऊन आली. बापानं खिळ्यांच्या डब्याकडं बघितलं. डबा आला.

थोड्या वेळानं पत्रेवाल्यानं हात पुसले आणि दुकान एकदम गप्प झालं.

“बघितलंत?” तो म्हणाला. “आणि त्या बालवाडीवाल्या म्हणतात समजत नाही. मला तोंड उघडावं लागत नाही. कामाला ठेवलेला माणूस इतकं करत नाही.”

“पोरीला हाक मारा बरं. साधीच. ओरडायचं नाही.”

“रिबीट,” बाप म्हणाला. पोरीची पाठ होती. ती खिळे मोजल्यासारखे इकडचे तिकडं करत राहिली.

“परत मारा.”

“रिबीट, ए रिबीट. तंद्रीत असली की असंच. अहो, जन्मल्यापासनं या दणदणाटात वाढलीय. कान द्यायची सवयच नाही. पाळण्यात होती तेव्हा मी डोक्याशी पत्रा ठोकायचो, ही ढाराढूर. लोक म्हणायचे काय गुणी पोर आहे.”

“बहिरी-बिहिरी नाही हां,” म्हातारी मध्येच म्हणाली आणि तिनं हातातला पत्र्याचा डबा जमिनीवर दाणकन आपटला. रिबीट वळली. “बघा. ऐकतं सगळं. सोयीचं तेवढं ऐकतं, तिच्या आजोबासारखं.”

 बाईंना कानाची शंका आली होती. पण शंका आली तरी कोडं तिथंच. कान अधू, तर गेल्या वर्षी पेला, किल्ली, कंगवा, सगळं बिनचूक दिलं कसं? पत्रेवाल्यानं हातोडा परत उचलायच्या आधी सुईकडं नजर टाकली. जाड सुई, पत्र्यावर रेघ ओढायची. पोरगी सुई घेऊन हजर. बाई त्याच्या डोळ्यांकडं बघत होत्या, आणि त्यांचा हात आपसूक स्वतःच्या काळ्या चष्म्याकडं गेला.

बाईंच्या डोळ्यांचीही एक गोष्ट आहे. मोठे, पाणीदार, सगळं बाहेर मांडून ठेवणारे डोळे. नवी नवरी म्हणून घरात आल्या तेव्हा सासू म्हणायची, “हिचं तोंड मिटलेलं असतं, पण डोळे उलटं बोलतात.” एकदा तर सासूनं जेवताना त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. पुढं याच डोळ्यांनी त्यांना काम मिळवून दिलं. हे काम शिकवायला आलेल्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, या बाईंच्या नजरेला पोरं चिकटून राहतात, असं पाहिजे. बाईंनी ती शाबासकी इतकी वर्षं जपली होती.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेला, चमचा, किल्ली, कंगवा मांडला आणि नवऱ्याला समोर बसवलं. नवरा निवृत्त कंडक्टर. गर्दीतला बिनतिकीट माणूस नुसत्या नजरेवरनं काढायचा.

“हे काय, जेवायला किल्ली?” तो म्हणाला.

“गप बसा. मी मनात एक वस्तू धरते. तोंडानं बोलणार नाही. तुम्ही ती उचलायची.”

बाईंनी चष्मा काढला आणि मनात ‘कंगवा’ धरला. नवऱ्यानं कंगवा उचलला.

“परत.”

त्यानं किल्ली उचलली. बरोबर. चमचा. बरोबर. बाईंनी या वेळी अगदी ठरवून पेल्याकडं बघायचं नाही असं केलं. नवऱ्यानं पेला उचलला.

“बघितलं नाही मी त्याच्याकडं.”

“नाही ना. बाकी तिन्हीकडं बघितलंस, पेला तेवढा टाळलास. अगं, तुझ्याबरोबर संसार कसा केला मी? तू मीठ म्हणायच्या आत मला मिठाची बरणी कळते. कधी भांडायचंय ते पण आधी कळतं, म्हणून तर बाहेर फिरायला जातो.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“सोय होती माझी. सांगून काय डोळे मिटवून घेऊ तुझे?”

बाईंनी सगळ्या वस्तू एका बाजूला सारल्या. “सगळ्या आज्यांना मी बटणं निवडायला लावते हो. आणि उत्तर मीच देतेय पोरांना.”

“दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते हेच,” कंडक्टर म्हणाला. “डॉक्टरनं मोतीबिंदू काढला, मुसळ राहिलं आत. जेवायला वाढ आता. का ते पण मनातच वाढणार आहेस?”

दुसऱ्या दिवशी रिबीट, आई आणि आजी तिघी आल्या. आजीनं न सांगता ताट मांडीवर घेतलं. बाईंनी आधी आईला जवळ बसवलं.

“तू माझ्याकडं बघ, पोरीकडं बघ. बटणं राहू देत आज.”

मग त्यांनी काळा चष्मा काढून बाजूला ठेवला. उजेडानं डोळ्याला पाणी आलं, ते टिपलं. रिबीटचा चेहरा खुलला, जुनं माणूस भेटल्यासारखा. बाईंनी ओठ घट्ट मिटले. नुसतं किल्लीकडं बघितलं आणि हात पुढं केला. किल्ली हातात आली. कंगव्याकडं बघितलं, कंगवा आला. बाहुली आली, चेंडू आला, सगळं जुन्या वाण्याच्या सफाईनं. खोलीत एक शब्द झाला नव्हता.

बाईंनी चष्मा परत चढवला, तोंडापुढं पुठ्ठा धरला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “रिबीट, चेंडू दे.” पोरगी पुठ्ठ्याकडं बघत राहिली. “पेला दे.” ती पुठ्ठ्याच्या बाजूनं डोकावून बघायला लागली. आवाज चढवून, जवळजवळ ओरडून म्हटलं, “पेला.” पोरीनं पेला उचलला.

आईनं तोंडावर हात ठेवला. आजीची बटणं थांबली होती. “मान वर केली म्हणून ओरडू नका,” ती म्हणाली. “बघू द्या मला पण.”

“समजतं का तिला?” बाई म्हणाल्या. “काल विचारलंस ना. आपलं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नसावं. डबा आपटला तर कळतं, खुळखुळा कळतो, बोललेलं विरून जातं. मग तिनं दुसरी वाट काढली. तुमच्या घरात सगळे डोळ्यांनी बोलतात, ती डोळे वाचायला शिकली. माझे पण वाचले. हे बिनडोक पोराचं काम नाही. पण हा माझा अंदाज झाला. नक्की काय ते कानाचे डॉक्टर सांगतील. शनिवारी ते इथंच बसतात. पहिला नंबर मी लावते.”

“म्हणजे गेल्या वर्षी…” आई म्हणाली आणि थांबली.

“गेल्या वर्षी उत्तरं माझ्या डोळ्यांनी दिली. मी फसले, आणि तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

आईनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, “वर्ष गेलं, बाई.”

“गेलं,” बाई म्हणाल्या. 

आजी मध्ये पडली. “आम्हाला दोन बटणांसाठी रागावता. तुमच्यापुढं कुणी ताट ठेवायचं?”

शनिवारी कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत बघितलं, यंत्रावर तपासलं. कानाच्या पडद्यामागं चिकट पाणी साचलंय म्हणाले. सर्दी झाली की वाढतं, मध्येच ओसरतं, लहान पोरांत होतं असं, आणि बाहेरनं बघणाऱ्याला काही दिसत नाही. हिचं मात्र ओसरायचं नाव घेत नव्हतं. छोटं ऑपरेशन सांगितलं. सोमवारी आई आणि ठोकळेबाई दोघी बालवाडीत गेल्या. तिथल्या बाई आधी जरा फुगल्या, मग म्हणाल्या, असं असेल तर माझ्यापुढं बसवते, माझ्याकडं तोंड करून.

ऑपरेशन झालं. नंतर एके दिवशी पत्रेवाला स्वतः दवाखान्याच्या दारात उभा. बाई घाबरल्या, आता काय झालं म्हणून.

“तुम्ही माझं नुकसान केलंत,” तो म्हणाला. “पोरगी दुकानात थांबत नाही. मी हातोडा उचलला की दोन्ही कानांवर हात, आणि पळाली मागं. काल तर ओरडली माझ्यावर.”

“काय ओरडली?”

“कुणाला कळणार? शब्द कुठं धड आहेत अजून. पण ओरडली माझ्यावरच, ते कळलं.” तो हसला नाही, पण जायची घाईही केली नाही. “कातर आता माझी मलाच उठून घ्यावी लागते,” एवढं म्हणून गेला.

बाईंना मात्र स्वस्थता नव्हती. एकीचं कळलं, बाकीच्यांचं काय? आपल्या नजरेवर पास होऊन गेलेली आणखी किती? त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ज्यांच्याबद्दल मनात बारीकशी का होईना शंका आहे त्यांना परत बोलवा. तेव्हापासनं खोलीबाहेरची रांग लांबली आहे. आयांना सांगावं लागतं की चूक पोराची नाही, तपासणारीची आहे. काही जणी समजून घेतात, काही जणी दारातच चार शब्द सुनावतात. बाई ऐकून घेतात.

काळा चष्मा आता उतरलाय. चौकीदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, “मोटरसायकल विकली का?” बाईंनी बटणांच्या पेटीतनं एक लाल बटण शोधलं आणि समोरच्या भिंतीवर, पोराच्या डोक्याच्या जरा वर, डिंकानं चिकटवलं. पोराला काही विचारायचं झालं की त्या आधी तिथं नजर ठेवतात. सुरुवातीला मान दुखायची. डोळे सारखे खाली घसरायचे, खोडकर शेळी शेतात घुसते तसे. आता बऱ्यापैकी दावणीला बांधलेत. मधूनमधून कंडक्टर येऊन समोर बसतो आणि कंगवा ओळखता येतो का बघतो. कधी कधी अजून येतो.

आजही ताट तयार आहे. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आत आले. नातू उतरल्या उतरल्या टकल्या बाहुलीकडं गेला आणि तिच्या डोक्यावर चापट मारून बघितली.

“बसा आजोबा. पांढरी इकडं, काळी तिकडं. मान खाली.”

“आणि तुम्ही त्या भिंतीकडं काय बघताय?”

“तुम्हाला बटणांचं ताट आहे, मला एकच आहे. निवडा तुम्ही.”

बाईंनी नजर लाल बटणावर टांगली.

“पेला दे रे राजा,” त्या म्हणाल्या, आणि हात पुढं करून थांबल्या.